न मागता उतरलेला भाव

प्रश्न भोसरीहून आला आहे. विचारणाऱ्यांचं तिथे छोटं वर्कशॉप आहे, पितळी फिटिंग आणि व्हॉल्व्हचे भाग करतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "चीनचा फुगा फुटणार हे दहा-बारा वर्षं ऐकतोय. तिथले बिल्डर बुडाले, पोरांना नोकऱ्या नाहीत, लोकसंख्यासुद्धा घटायला लागली. मग तिथला माल दरवर्षी आणखी स्वस्त कसा होतो? तिथे एकाच माणसाचं राज्य आहे, हे त्यांच्या फायद्याचं की तोट्याचं? आणि आम्ही काय करायचं, थांबायचं की धंदा बदलायचा?"

मी मूळचा कोल्हापूरचा. २००४ मध्ये एका पंप कंपनीचा खरेदी अधिकारी म्हणून पहिल्यांदा चीनच्या निंगबो बंदरात उतरलो, पुढे नऊ वर्षं तिथेच बिऱ्हाड होतं. आता पुण्यात बसून तेच काम करतो. व्हॉल्व्ह, कास्टिंग, फास्टनर, मोटारी यांचे पुरवठादार शोधायचे, भाव ठरवायचे, माल तपासून कंटेनर न्हावाशेव्याला आणायचा. त्यामुळे माझं उत्तर कोटेशनच्या कागदावरून सुरू होणार, अर्थशास्त्राच्या पुस्तकावरून नाही.

झेजियांग प्रांतात यूहुआन म्हणून ठिकाण आहे. आपल्याकडे पितळी पार्ट म्हटलं की जामनगर, तसं तिथे पितळी व्हॉल्व्ह म्हटलं की यूहुआन. तिथल्या एका कारखान्याशी माझा एकोणीस वर्षांचा व्यवहार आहे. मालकाला तिथे 'लाओबान' म्हणतात, आपण शेठ म्हणतो तसं. पहिली बरीच वर्षं आमचा वार्षिक तमाशा ठरलेला असायचा. चिनी नववर्षाची सुट्टी संपली की लाओबानचा निरोप यायचा: कामगार गावाहून परतले नाहीत, पगार वाढवावे लागले, भाव सहा टक्के वाढवा. मी दोनवर अडून बसायचो, चारवर तुटायचं, मग दणकून जेवण. २०२३ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा उलटं घडलं. मी काही मागितलं नव्हतं, तरी त्याने स्वतःहून तीन टक्के उतरवून कोटेशन पाठवलं आणि खाली एक ओळ टाकली: ऑर्डर जरा लवकर द्या. त्यानंतर दरवर्षी तेच चाललंय.

कंपनीला कळवलं, शाबासकी मिळाली. मला मात्र ते कोटेशन दोन-तीन दिवस खटकत राहिलं. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत दुकानदार भाव पाडतो तेव्हा एक तर माल सडका असतो, नाहीतर गल्ला रिकामा. मालाला बोट लावायला जागा नव्हती.

हे एकट्या यूहुआनचं नाही. चीनमध्ये कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या मालाच्या भावाचा जो निर्देशांक निघतो, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये शून्याच्या खाली गेला आणि पुढे वर्षानुवर्षं खालीच राहिला. दुकानातली महागाई २०२३ मध्ये ०.२ टक्के आणि २०२४ मध्येही ०.२ टक्के. आपण महागाईला इतके सरावलोय की स्वस्ताई हा आजार असू शकतो हे पटकन गळी उतरत नाही. पण लाओबानच्या खुर्चीत बसून बघा. मशीनसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता ठरलेला आहे, तो कमी होत नाही. विकायच्या नगाचा भाव मात्र दरवर्षी घसरतो. म्हणजे तेच कर्ज फेडायला दरवर्षी जास्त नग विकावे लागतात. जास्त नग काढले की बाजारात गर्दी आणि भाव आणखी खाली. मग पगार गोठतात, पगार गोठले की लोक हात आखडतात. या रेटारेटीला तिथे 'नेइजुआन' म्हणतात, म्हणजे आतल्या आत पीळ बसत जाणं. पूर्वी हा शब्द परीक्षेच्या रगाड्यात पिचलेल्या पोरांच्या तोंडी होता, आता तो सरकारी बैठकांच्या इतिवृत्तांत आलाय.

तेव्हा तुमच्या प्रश्नात दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत असं जे वाटतं, ते तसं नाही. बिल्डर बुडाले आणि माल स्वस्त झाला, या दोन बातम्या नाहीत. पहिली घडली म्हणून दुसरी घडली.

कशी, ते सांगतो. १९९४ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान झू रोंगजी यांनी करपद्धत बदलली. कराचा मोठा वाटा बीजिंगकडे गेला, खर्चाचा भार मात्र प्रांत, शहरं आणि तालुक्यांवरच राहिला. आज सरकारी खर्चाचा सुमारे ८५ टक्के भाग स्थानिक सरकारं करतात आणि त्यांचं उत्पन्न त्या मानाने तुटपुंजं. मग पैसा आणायचा कुठून? शहरातली सगळी जमीन सरकारी. घराचं म्हणाल तर ७० वर्षांचा वापरहक्क तेवढा विकत मिळतो. १९९८ मध्ये कारखान्यांनी-कचेऱ्यांनी कामगारांना घरं देणं बंद झालं आणि घरांचा बाजार उघडला. महापौरांना सोन्याची कोंबडी सापडली. शेतकऱ्याची जमीन थोडक्यात घ्यायची, बिल्डरला लिलावात चढ्या भावाने द्यायची. २०२१ मध्ये या जमीनविक्रीतून ८.७ लाख कोटी युआन आले. नोव्हेंबर २००८ मध्ये जागतिक मंदीवर उतारा म्हणून चार लाख कोटी युआनचा कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा शहरांनी स्वतःच्या कंपन्या काढून बँकांकडून भरमसाट कर्ज उचललं. तारण काय? तीच जमीन.

लोकांनी तरी दुसरं काय करायचं? वर्षाला माणशी ५०,००० डॉलरच्या वर परकीय चलन मिळत नाही, शेअरबाजार म्हणजे जुगार, बँकेत व्याज नाही. मग घर. आमच्या लाओबानकडे तीन फ्लॅट होते. त्यातला हांगझोऊचा मुलाच्या लग्नासाठी, कारण नवऱ्या मुलाकडे फ्लॅट नसेल तर मुलीकडचे बोलणीच पुढे नेत नाहीत (हे आपल्यालाही अगदीच परकं नाही). २०१६ च्या सुमाराला तो मला म्हणाला होता, बाराही महिने भट्टीपुढे उभं राहून मी जे मिळवतो त्यापेक्षा तो फ्लॅट झोपेत जास्त मिळवतो. तिथल्या मध्यवर्ती बँकेने २०१९ मध्ये शहरी कुटुंबांची पाहणी केली, तर एकूण मालमत्तेपैकी सुमारे ५९ टक्के घरांत अडकलेली निघाली.

ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जावर 'तीन लाल रेषा', म्हणजे तीन मर्यादा, आखल्या. रोग खरा होता, औषधही पुस्तकी दृष्टीने बरोबर होतं, पण मात्रा एकदम पाजली. एव्हरग्रांड या बड्या बिल्डर कंपनीवर ३०० अब्ज डॉलरहून जास्त देणं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये ती थकबाकीदार ठरली आणि जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने तिचं दिवाळं काढायचा आदेश दिला. मधल्या काळात कंट्री गार्डन ही दुसरी बडी बिल्डर कंपनीही बसली. तिथे फ्लॅट आधी विकतात आणि मग बांधतात, हप्ते पहिल्या दिवसापासून सुरू. २०२२ च्या जूनअखेर चिनी मातीच्या भांड्यांच्या जुन्या गावी, जिंगदेझेनमध्ये, एका अर्धवट इमारतीच्या खरेदीदारांनी हप्ते थांबवण्याची नोटीस दिली आणि दोन आठवड्यांत ते लोण देशभर पसरलं. २०२१ मध्ये १७९ कोटी चौरस मीटर नवी घरं, दुकानं, कचेऱ्या विकल्या गेल्या होत्या. २०२४ मध्ये ९७ कोटी. जमीनविक्रीचं उत्पन्न ८.७ लाख कोटींवरून ४.९ लाख कोटींच्या आत आलं.

इथे गुइझोऊबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण ते पाहिल्याशिवाय चीनचा हा पेच कळत नाही. नैर्ऋत्येचा डोंगराळ, गरीब प्रांत. जगातल्या सगळ्यात उंच शंभर पुलांपैकी जवळपास निम्मे तिथे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये हुआजियांग दरीवरचा ६२५ मीटर उंचीचा नवा पूल सुरू झाला. पलीकडे जायला दोन तास लागायचे, आता दोन मिनिटं. मी त्याच प्रांतातल्या जुन्या पुलांवरून गेलोय. छाती दडपते, आणि कौतुकही वाटतं, कारण आमचा गगनबावड्याचा घाट पावसाळ्यात किती वेळा बंद पडतो ते मला ठाऊक आहे. पण त्याच गुइझोऊत झुनयी शहराच्या रस्ते-पूल बांधणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये १५.६ अब्ज युआनचं बँककर्ज वीस वर्षांनी लांबवून घेतलं. पहिली दहा वर्षं फक्त व्याज. २०२३ च्या एप्रिलमध्ये प्रांताच्या सरकारी संशोधन केंद्राने लिहून टाकलं की आमच्या ताकदीवर हे कर्ज फिटणं शक्य नाही. तो लेख लवकरच गायब झाला. पूल खरा आहे, उपयोगाचाही आहे, पण अशा अनेक पुलांच्या टोलमधून कर्जाचं व्याजही निघत नाही. असे पूल, अशी विमानतळं, असे औद्योगिक पार्क देशभर आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये बीजिंगने स्थानिक छुपं कर्ज उघड्या रोख्यांत बदलण्यासाठी दहा लाख कोटी युआनची सोय केली. व्याज हलकं झालं. मुद्दल तिथेच आहे.

आता बिल्डर गेले, जमीन विकत नाही, मग बँकांनी पैसा द्यायचा कोणाला आणि प्रांतप्रमुखाने वाढीचा आकडा दाखवायचा कशातून? उत्तर: कारखाने. हफेई शहराने २०२० मध्ये बुडायला आलेल्या निओ या विजेच्या गाड्यांच्या कंपनीत सात अब्ज युआन घातले आणि ते फळले. मग प्रत्येक महापौराला हफेई व्हायचं होतं. बॅटरी, सोलर, चिप, रोबो. करातला काही वाटा जिथे उत्पादन होतं तिथे जमा होतो, म्हणून शेजारच्या शहरातल्या चांगल्या कारखान्याचा माल घेण्यापेक्षा आपला स्वतःचा उभारणं त्याला परवडतं. तोट्यात गेला तरी बंद करवत नाही. नोकऱ्या जातात, कर्ज बुडीत दिसतं, बढती हुकते. जुलै २०२५ मध्ये खुद्द शी जिनपिंग यांनी विचारलं की प्रत्येक प्रांताने एआय, संगणनक्षमता आणि विजेच्या गाड्यांच्याच मागे लागायला हवं का. प्रश्न रास्त होता. पण प्रांतांना ही यादी दिली कोणी होती, हे त्या सभागृहात विचारणारं कोणी नव्हतं.

परिणाम आम्ही धंद्यातले लोक रोज पाहतो. मे २०२५ मध्ये ग्रेट वॉल मोटरच्या अध्यक्षांनी जाहीरपणे म्हटलं की मोटार उद्योगातली 'एव्हरग्रांड' आधीच तयार आहे, फक्त अजून फुटलेली नाही. त्याच सुमाराला 'शून्य किलोमीटर चाललेल्या जुन्या गाड्यां'चा बभ्रा झाला. विक्रीचा आकडा फुगवायला गाडीची नोंदणी करायची आणि न वापरताच ती जुन्या बाजारात ढकलायची. सुटे भाग पुरवणाऱ्यांचे पैसे सहा-सहा महिने अडकायचे; जूनमध्ये सरकारने डोळे वटारल्यावर मोठ्या मोटार कंपन्यांनी ६० दिवसांत बिलं देण्याचं कबूल केलं. चाकणच्या व्हेंडरला हे वाचून हसू येईल. दुखणं ओळखीचं आहे.

एवढा माल बनतो तर तिथलेच लोक का घेत नाहीत, हा खरा कळीचा प्रश्न. चीनच्या एकूण उत्पन्नात घरगुती खर्चाचा वाटा जेमतेम ४० टक्के आहे. आपल्याकडे तो साठच्या आसपास. चिनी माणूस स्वभावाने कंजूष आहे म्हणून हे होतं, असं सांगणारे भेटतात. मी त्या लोकांबरोबर नऊ वर्षं जेवलोय, त्यांच्या कंजूषपणाचा मला तरी अनुभव नाही. त्यांच्या हातात पैसाच कमी येतो, आणि येतो तो उद्याच्या भीतीने बाजूला पडतो. सुमारे तीस कोटी माणसं गाव सोडून शहरात राबतात. १९५८ पासूनच्या 'हुकोऊ' नोंदणीत ती अजून गावचीच. म्हणजे मोठ्या शहरात पोराला सरकारी शाळा मिळवणं अवघड, दवाखान्याचा परतावा अपुरा. शहरातल्या निवृत्त कामगाराला महिना तीन हजार युआनच्या वर पेन्शन मिळते. गावाकडच्या म्हाताऱ्याला दोनशेच्या आसपास. सरकारने २०२५ मध्ये किमान रक्कम वीस युआनने वाढवून १४३ केली, आपले साधारण सतराशे रुपये. जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेत ही रक्कम आपल्या श्रावणबाळ योजनेच्या दीड हजारांच्या जवळपास आहे, त्यामुळे आपणही फार मिशीला पीळ देऊ नये. मे २०२० मध्ये पंतप्रधान ली केकियांग यांनी पत्रकारांसमोर सांगितलं होतं की साठ कोटी लोकांचं मासिक उत्पन्न हजार युआनच्या आसपास आहे. तिथे खळबळ उडाली होती.

उपाय तसा कोणालाही सुचेल. गावाकडची पेन्शन तिप्पट करा, हुकोऊ सैल करा, सरकारी कंपन्यांचा नफा लोकांच्या विमा-पेन्शनमध्ये वळवा. बाहेरचे अर्थतज्ज्ञ सांगतात, त्यांचे स्वतःचेही सांगतात. २००७ मध्ये पंतप्रधान वेन जियाबाओ यांनीच म्हटलं होतं की ही वाढ असंतुलित आणि न टिकणारी आहे. मग होत का नाही? शी जिनपिंग यांचं २०२१ चं भाषण पक्षाच्या मुखपत्रात छापून आलं, त्यात फुकट वाटपाने आळशी माणसं पोसली जातात, त्या सापळ्यात पडू नका, असा स्पष्ट इशारा आहे. हा त्यांचा मनापासूनचा विश्वास दिसतो. पण मला त्यापेक्षा खोलवरचं कारण वेगळं वाटतं, आणि या सगळ्या उत्तरात मला जर एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी ही सांगितली असती: लोकांच्या हाती पैसा देणं म्हणजे तो कुठे जाईल हे ठरवण्याचा अधिकार देणं. कारखाना, पूल, चिप यांच्यासाठीचा पैसा पक्षाच्या माणसाच्या सहीने फिरतो. त्या सहीवर पदं, निष्ठा, माणसं बांधलेली असतात. म्हातारीच्या खात्यावर गेलेला पैसा कोणाच्याही सहीला विचारत नाही.

घरांवरच्या कराचंच पाहा. जमीन विकण्याऐवजी घरपट्टी घ्या, म्हणजे शहरांना दरवर्षीचं खात्रीचं उत्पन्न मिळेल, इतकी साधी गोष्ट. २०११ मध्ये शांघाय आणि चोंगचिंगला प्रयोग सुरू झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये तो वाढवायची परवानगी मिळाली, मार्च २०२२ मध्ये गुंडाळून ठेवला. आपल्याकडे ग्रामपंचायतसुद्धा घरपट्टी घेते. पण घरपट्टी भरणारा माणूस गटार का तुंबलं म्हणून विचारायला येतो, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. ती सवय तिथे लावायची कोणाची तयारी नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एका माणसाच्या राज्याचा फायदा की तोटा.

फायदा मी डोळ्यांनी पाहिला आहे. मी गेलो तेव्हा निंगबोहून शांघायला जायला हांगझोऊ उपसागराला वळसा पडायचा. २००८ मध्ये उपसागरावर ३६ किलोमीटरचा पूल सुरू झाला आणि प्रवास निम्म्यावर आला. वेगवान रेल्वे शून्यातून उभी राहून २०२४ अखेर ४८,००० किलोमीटर झाली. जमीन अडत नाही, कोर्टाची स्थगिती येत नाही. रस्ता बांधायचा आहे हे ठरलेलं असतं तेव्हा ही पद्धत बिनतोड आहे. रस्ता कुठे नको हे ठरवायची वेळ येते तेव्हा ती आंधळी होते, कारण नको म्हणणारा माणूस तिने आधीच गप्प केलेला असतो.

२०२२ चा हेनान प्रांतातला प्रसंग मी कधी विसरणार नाही. तिथल्या काही ग्रामीण बँकांनी एप्रिलमध्ये ठेवी गोठवल्या. जूनमध्ये ठेवीदार झेंगझोऊला जाब विचारायला निघाले, तर त्यांच्या मोबाइलवरचे कोविडचे आरोग्य-कोड अचानक लाल झाले. लाल कोड म्हणजे रेल्वे नाही, हॉटेल नाही, थेट विलगीकरण. १,३१७ लोकांचे कोड असे लाल केल्याचं पुढे चौकशीत निघालं आणि पाच अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. साथ रोखायचं यंत्र ठेवीदार रोखायला वापरलं गेलं. पैशाचा व्यवहार शेवटी विश्वासावर चालतो; हे वाचल्यावर यूहुआनचा माणूस आपली पुंजी कुठे ठेवेल?

उद्योजकांचंही तसंच. ऑक्टोबर २०२० मध्ये अलीबाबा या ऑनलाइन व्यापार कंपनीचे संस्थापक जॅक मा यांनी तिथल्या बँकांच्या सावकारी वृत्तीवर टीका केली. दहा दिवसांत त्यांच्या अँट ग्रुप या वित्तकंपनीची शेअरविक्री रोखली गेली. जुलै २०२१ मध्ये एका आदेशाने खासगी शिकवण्यांचा धंदा नफ्यासाठी चालवायलाच बंदी आली, लाखोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्यात बरेच नुकतेच पदवीधर झालेले. जून २०२३ मध्ये शहरी तरुणांची बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली. ऑगस्टपासून तो आकडाच प्रसिद्ध होईना. जानेवारी २०२४ पासून नव्या पद्धतीने, विद्यार्थी वगळून, पुन्हा यायला लागला तेव्हा तो १४.९ होता. गाओ शानवेन या नावाजलेल्या अर्थतज्ज्ञाने डिसेंबर २०२४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये बोलताना म्हटलं की गेल्या काही वर्षांतली खरी वाढ सरासरी दोन टक्क्यांच्या आसपासच असावी. त्यानंतर त्याला जाहीरपणे बोलायला बंदी केल्याच्या बातम्या आल्या. ली केकियांग पंतप्रधान होण्याआधी एका प्रांताचे पक्षप्रमुख असताना, २००७ मध्ये, अमेरिकी राजदूताला म्हणाले होते की आपण वाढीच्या आकड्यापेक्षा विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँककर्ज पाहतो. म्हणजे प्रांत चालवणाऱ्याचाच आपल्या प्रांताच्या आकड्यावर भरवसा नव्हता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये शी जिनपिंग यांनी उद्योजकांना बोलावून धीर दिला, पहिल्या रांगेत जॅक मा बसले होते. मे महिन्यात खासगी उद्योगांच्या संरक्षणाचा कायदाही आला. मी लाओबानला विचारलं, आता कसं? तो म्हणाला, पाऊस थांबवणारा तोच, पाडणाराही तोच. मग मी छत्री का मिटू?

लोकसंख्येचं थोडक्यात उरकतो, कारण त्यावर सगळेच लिहितात. २०२२ मध्ये १९६१ नंतर प्रथमच लोकसंख्या घटली. २०२३ मध्ये नव्वद लाख मुलं जन्मली, २०१६ च्या जेमतेम निम्मी. निवृत्तीचं वय पुरुषांचं ६० वरून ६३ करायला २०२५ पासून हळूहळू सुरुवात झाली आहे. तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,६०० युआन देऊ केलेत, आणि २०२६ पासून गर्भनिरोधकांवर कर लावलाय. पस्तीस वर्षं एकच मूल म्हणून दंड घेतला, आता ही आर्जवं. यातलं काहीही पुढच्या पाच वर्षांत तुमच्या भावावर परिणाम करणार नाही.

मग फुगा फुटेल का? मला वाटत नाही, आणि दहा वर्षं फुटत का नाही याचं कारण साधं आहे. फुगा फुटतो तो घाबरलेले लोक एकाच वेळी पैसे काढतात म्हणून. तिथे मोठ्या बँका सरकारी, कर्ज घेणाऱ्या बऱ्याच कंपन्या सरकारी, कर्ज युआनमध्ये, आणि पैसा देशाबाहेर न्यायची वाट अरुंद. देणेकरी आणि घेणेकरी एकाच घरातले असतील तर जप्ती येत नाही, नुसती उधारी वर्षानुवर्षं ओढली जाते. त्यात बाहेरून येणारा पैसा प्रचंड आहे: २०२४ मध्ये व्यापारातली शिल्लक ९९२ अब्ज डॉलर, आणि २०२५ मध्ये अकरा महिन्यांतच ती हजार अब्जांच्या पुढे गेली, तीही ट्रम्प यांचं आयातशुल्क अंगावर असताना. फुग्यापेक्षा मला तो घाटात हवा कमी झालेल्या टायरवर चालणारा लोडेड ट्रक वाटतो. थांबत नाही, पण सगळ्यांना आपल्या मागे रखडवतो.

त्या रखडण्यात आपण आहोत. चीनने २०२४ मध्ये ११ कोटी टनांहून जास्त पोलाद निर्यात केलं, कारण घरं बांधायची थांबली. त्याच्या रेट्यामुळे भारताने एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादावर १२ टक्के संरक्षक शुल्क लावलं. २०२४-२५ मध्ये चीनशी आपली व्यापारतूट ९९ अब्ज डॉलर होती. आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी दुर्मीळ धातूंच्या निर्यातीवर परवान्यांचं कुलूप घातलं, तेव्हा जुलैत राजीव बजाज यांना सांगावं लागलं की या धातूंची चुंबकं मिळाली नाहीत तर चेतकचं उत्पादन थांबू शकतं. घरात पैशाची तंगी असलेला माणूस बाजारात दुबळाच असतो, असं नाही.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला, हात राखून, पण धंद्यातल्या माणसासारखं उत्तर देतो. चीन कोसळायची वाट पाहत थांबू नका. तिथला भाव खाली आहे तो तिथल्या लोकांच्या हातात पैसा नाही म्हणून, आणि तो त्यांच्या हातात जाण्याची चिन्हं मला अजून दिसत नाहीत. मी पुढची चार-पाच वर्षं हाच भाव धरून हिशेब करतो. तीन-चार इंच साइझचे साधे बॉल व्हॉल्व्ह, हजारांच्या लॉटमध्ये, हे काम त्यांच्याशी भावावर लढून टिकणार नाही. त्यात नवं मशीन घालू नका. पण ज्याचं ड्रॉइंग दर महिन्याला बदलतं, लॉट पन्नास-शंभरचा असतो, आणि गिऱ्हाइकाला बिघडलेला नग दुसऱ्या दिवशी बदलून हवा असतो, ते काम कंटेनरमधून येत नाही. माझ्याकडचे तीन खरेदीदार असं काम पुणे परिसरात शोधताहेत. त्यांना चीनपेक्षा अठरा-वीस टक्के जास्त भाव चालतो, उशीर चालत नाही.

लाओबानचा गेल्या महिन्यात निरोप आला. भावाचा नव्हता. त्याला चाकणला दहा हजार चौरस फूट शेडचं भाडं किती आणि चिनी माणसाला भागीदारी मिळायला किती दिवस लागतात हे हवं होतं. भाडं कळवलं. भागीदारीचं सांगितलं की २०२० पासून शेजारी देशांतल्या गुंतवणुकीला दिल्लीची मंजुरी लागते, फाईल कधी हलेल सांगता येत नाही. त्याचा उलट प्रश्न आला: आणि आमच्या देशातून मशीन बाहेर न्यायची परवानगी मिळेल का, ते कोणाला विचारू?

हे त्याने मला विचारलं, तिथल्या कोणाला नाही. मी अजून उत्तर दिलेलं नाही.